लवंग मॅशमध्ये, केळं फर्मेंटरमध्ये: गव्हाच्या घरगुती बिअरला यीस्टची नेमकी चव कशी आणावी

बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवाइत्सेनला, केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. पण तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टचे. हॉप्स या फुलांचा कडवटपणा इथे जेमतेम असतो आणि माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हलकं, त्यामुळे यीस्टने जे दिलं तेच पेल्यात कळतं. घरी केलेल्या सुरुवातीच्या बॅचेस बहुधा एका बाजूला कलंडतात. काही नुसत्या केळ्याच्या गोळीसारख्या लागतात, तर काही इतक्या सपक की गव्हाचं पाणी प्यायल्यासारखं वाटावं. अशा वेळी दोष यीस्टच्या पाकिटावर जातो. खरं कारण बहुतेकदा मॅशमध्ये, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या टप्प्यात, किंवा फर्मेंटेशनच्या, म्हणजे यीस्टने साखर आंबवण्याच्या, पहिल्या तीन दिवसांत असतं.

दोन वास कुठून येतात

केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा, म्हणजे फळासारख्या वासाच्या संयुगाचा. यीस्ट ल्युसीन या अमिनो आम्लापासून आयसोअमाइल अल्कोहोल बनवतं आणि त्यावर अ‍ॅसिटाइल गट चढवून हे एस्टर तयार करतं. हे काम करणारं एन्झाइम ऑक्सिजनने आणि असंतृप्त स्निग्धाम्लांनी दबतं, कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढला की एस्टर कमी होतं आणि उष्णतेने वाढतं. थोडक्यात, केळ्याचा हिशोब सगळा फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्यात, होतो.

लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायकॉल या फिनॉलचा. हे फिनॉल यीस्ट स्वतःहून घडवत नाही. धान्याच्या पेशीभित्तिकेत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं; ते आधी सुटं होऊन वॉर्टमध्ये, म्हणजे मॅशमधून गाळून घेतलेल्या गोड द्रवात, उतरावं लागतं, मग यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि लवंगेचा वास उरतो. फेरुलिक आम्ल सुटं करायची जागा म्हणजे मॅश. तिथे ते कमी सुटलं तर पुढे फर्मेंटेशन कितीही जपून केलं तरी लवंग मर्यादितच राहणार.

नाकाला केळं साधारण लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास कळायला लागतं, लवंग ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. प्रमाणं इतकी लहान असल्यामुळे तापमानातला दोन अंशांचा फरकसुद्धा पेल्यात स्पष्ट जाणवतो.

यीस्टची निवड

लवंग तयार करण्याची क्षमता सगळ्या यीस्टमध्ये नसते. एल आणि लागर या बिअरच्या प्रमुख प्रकारांच्या बहुतेक यीस्टमधून ती पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीत गेलेली आहे. म्हणून पाकिटावर नुसतं ‘व्हीट’ लिहिलेलं पाहून यीस्ट घेऊ नका. अमेरिकन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरसाठी विकली जाणारी यीस्ट्स मुद्दाम स्वच्छ, सौम्य चवीची असतात. त्यांच्याकडून केळं-लवंग मिळणार नाही, आणि ती त्या यीस्टची चूकही नाही.

अभिजात चव हवी असेल तर वाइहेनश्टेफान ६८ हा वाण घ्या. यीस्ट विकणाऱ्या कंपन्यांपैकी वायईस्टचं ३०६८ आणि व्हाइट लॅब्जचं डब्ल्यूएलपी ३०० ही त्याचीच रूपं मानली जातात. केळं ठळक, लवंग मागून, आणि तापमानाप्रमाणे तोल बऱ्यापैकी हलवता येतो. लवंग पुढे हवी असेल तर डब्ल्यूएलपी ३८० पाहावं. त्यात केळं मुळातच कमी असतं.

कोरड्या यीस्टमध्ये लॅलेमंडचं म्युनिक क्लासिक केळं आणि लवंग दोन्ही चांगलं देतं. फर्मेंटिसचं डब्ल्यूबी-०६ जास्त फिनॉलिक, किंचित आंबूस आणि कोरडी बिअर देतं. भरघोस केळ्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. शिवाय ते डायस्टॅटिक आहे, म्हणजे इतर यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन साखळ्याही ते हळूहळू तोडून खातं. ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, साखर संपेल तशी ती उतरते) १.०१२ वर थांबेल असं धरून घाईने बाटल्या भरल्या, तर ते आत खात राहतं आणि बाटल्या फुटू शकतात. हे यीस्ट वापरल्यावर नळ्या आणि नरम प्लास्टिकची भांडीही नीट उकळून किंवा बदलून घ्यावीत, नाहीतर पुढच्या बिअरमध्येही ते काम करत राहतं.

२० लिटरसाठी धान्य आणि मॅश

गव्हाचं माल्ट २.६ किलो, पिल्सनर माल्ट १.८ किलो. ७२ टक्के कार्यक्षमता धरली, म्हणजे धान्यातून निघू शकणाऱ्या साखरेपैकी तेवढी उतरते असं मानलं, तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४९ च्या आसपास येते. गव्हाला साल नसते आणि गाळताना थर चिकटतो, म्हणून १५० ते २०० ग्रॅम भाताचं तूस, म्हणजे वरची फोलं, धुऊन मिसळा. हॉप्स ४ टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्समधला कडवटपणा देणारा घटक) हालरटाऊ मिटेलफ्रू २५ ग्रॅम, उकळी संपायला ६० मिनिटं असताना. कडवटपणा १२ आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) जवळ बसतो. शेवटी हॉप्स घालायचे नाहीत. सुगंधी हॉप्स इथे यीस्टच्या वासावर झाकण घालतात.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. गहू वाढवला की लवंग वाढते असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात सुटं फेरुलिक आम्ल बार्लीच्या माल्टमधून जास्त मिळतं. गव्हाने फेस, गढूळपणा आणि तोंडातला भरीवपणा येतो. त्यामुळे ५० ते ६० टक्के गहू हे प्रमाण चवीच्या दृष्टीने उत्तम. जर्मनीत वाइत्सेन म्हणून विकायच्या बिअरमध्ये गव्हाचं माल्ट निदान निम्मं असावं लागतं. ७० टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही, पण लवंगेसाठी म्हणून जाऊ नका.

पाण्यातली क्लोरीन आधी काढा. वॉर्टमधली फिनॉल्स आणि क्लोरीन एकत्र आली की औषधी, बँडेजसारखा वास येतो, आणि फिनॉलयुक्त बिअरमध्ये तो लवंगेत मिसळून फसवतो. ३० लिटर पाण्याला कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणाऱ्या सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून टाकली की क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही काही मिनिटांत निघून जातात.

आता फेरुलिक रेस्ट, म्हणजे फेरुलिक आम्ल सुटं करण्यासाठीचा थांबा. धान्य २५ अंशांवर असेल तर १० लिटर पाणी ४७ ते ४८ अंश सेल्सियसवर घ्या. मिसळल्यावर मॅश ४४ अंशांवर येईल. इथे १५ ते २० मिनिटं थांबा. फेरुलिक आम्ल सोडवणारं एन्झाइम ४३ ते ४५ अंशांत चांगलं काम करतं आणि त्याला पीएच थोडा वरचा, ५.७ च्या आसपासचा लागतो. म्हणून मॅशचं आम्लीकरण करायचं असेल तर लॅक्टिक आम्ल या थांब्यानंतर घाला. पीएच मोजून पहिल्या मिनिटाला ५.३ वर आणणारे नेमके इथेच आपली लवंग घालवून बसतात. थांबा अर्धा तास ताणला तरी फारसा फायदा दिसत नाही.

त्यानंतर ८ लिटर उकळतं पाणी ढवळत घातलं की तापमान ६६ अंशांच्या जवळ जातं. दोन-तीन अंश कमी पडलं तर थोडा मॅश बाजूला काढून उकळून परत घाला. आता पीएच ५.३ ते ५.४ वर आणा आणि ६० मिनिटं ठेवा. ५० ते ५५ अंशांवर प्रोटीन रेस्ट, म्हणजे प्रथिनं तोडण्यासाठीचा थांबा, घेण्याची गरज आजच्या माल्टला उरलेली नाही. लांबवला तर उलट फेस पातळ होतो. साधारण १२ लिटर पाण्याने स्पार्ज करा, म्हणजे धान्य धुऊन उरलेली साखर काढून घ्या, आणि ७५ मिनिटं दणदणीत उकळा. पिल्सनर माल्टमुळे येणारा शिजलेल्या मक्याचा वास त्याने उडून जातो.

माल्ट एक्स्ट्रॅक्टवर, म्हणजे माल्टच्या तयार अर्कावर, बिअर करणाऱ्यांना हा थांबा मिळत नाही. २० लिटरसाठी सुमारे २.७ किलो कोरडं व्हीट एक्स्ट्रॅक्ट लागतं. फेरुलिक आम्ल कारखान्यात जेवढं उतरलं असेल तेवढंच, म्हणून लवंग हवी असेल तर ती यीस्टच्या निवडीतून आणि थंड फर्मेंटेशनमधून मिळवावी लागेल.

वॉर्ट गार झालं की पंधरा-वीस मिनिटं स्थिर राहू द्या आणि वरचं स्वच्छ वॉर्ट फर्मेंटरमध्ये घ्या. तळाच्या गाळात स्निग्ध पदार्थ असतात. ते भरपूर आत गेले तर यीस्ट खूश होतं, पण केळं कमी करतं.

किती यीस्ट टाकायचं

साध्या एलसाठी मिलिलिटरमागे, प्रत्येक प्लेटो अंशामागे (वॉर्टमधल्या साखरेच्या टक्केवारीचं माप) ७.५ लाख पेशी धरतात. १.०५० च्या २० लिटर वॉर्टला ते १८५ अब्जांच्या जवळ जातं. हेफेवाइत्सेनसाठी हे प्रमाण मुद्दाम खाली आणतात: ५ लाखांच्या हिशोबाने १०० ते १२५ अब्ज पेशी. पेशी कमी म्हणजे प्रत्येकीला जास्त वाढावं लागतं, आणि चवीचे पदार्थ त्या वाढीच्या काळातच घडतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की १०० अब्ज पेशींचं ताजं द्रव पाकीट स्टार्टर न करता, म्हणजे थोड्या वॉर्टमध्ये आधी यीस्ट न वाढवता, सरळ टाकावं. पाकीट दोन-तीन महिने जुनं असेल तर जिवंत पेशी बऱ्याच घटलेल्या असतात. तेव्हा एक लिटरचा छोटा स्टार्टर करून ती भर काढा. कोरड्या यीस्टचं ११ ग्रॅमचं एक पाकीट पुरे, दोन टाकू नका. आणि आधीच्या बॅचच्या तळाला राहिलेल्या अख्ख्या गाळावर नवं वॉर्ट ओतू नका. इतर बिअरमध्ये हे चालून जातं, इथे चव मिळमिळीत होण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

कमी म्हणजे वाटेल तितकं कमीही नाही. ५० अब्जांच्या खाली गेलात तर सुरुवात रेंगाळते, गंधक वाढतो आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा तिखट वास यायला लागतो.

हवेचंही तसंच. द्रव यीस्ट असेल तर फर्मेंटर अर्धा ते एक मिनिट जोरात हलवा, एवढा ऑक्सिजन पुरे. शुद्ध ऑक्सिजनची नळी सोडायची गरज नाही. जास्त ऑक्सिजन म्हणजे कमी एस्टर. कोरडं यीस्ट आपली शिदोरी घेऊनच पाकिटात शिरलेलं असतं, पहिल्या वापरात त्याला हवा न दिली तरी चालतं.

पहिले तीन दिवस

तापमान म्हणजे बिअरचं तापमान, खोलीचं नव्हे. भरात आलेलं फर्मेंटेशन स्वतःची उष्णता तयार करतं आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ३ ते ५ अंश वर चढवतं. खोली २० अंशांची आणि आत २४ अंश, हे सर्रास घडतं, आणि ‘तापमान तर बरोबर होतं’ म्हणणाऱ्याची बिअर केळ्याच्या गोळीसारखी होते. सेन्सर फर्मेंटरच्या बाजूला चिकटवा आणि वरून जाड कापड किंवा फोम बांधा, म्हणजे तो आतलं तापमान दाखवेल.

जर्मन ब्रुअरांचा एक जुना ठोकताळा आहे: यीस्ट टाकतानाचं तापमान आणि फर्मेंटेशनचं तापमान यांची बेरीज ३० यावी. १२ अंशांवर टाका, १८ पर्यंत चढू द्या. घरी १२ पर्यंत गार करणं जड जातं आणि सुरुवातही लांबते. पण तत्त्व घेण्यासारखं आहे: गार वॉर्टमध्ये यीस्ट टाकून तापमान वर जाऊ द्यावं, गरम वॉर्टमध्ये टाकून खाली ओढू नये. गरम वॉर्टमध्ये टाकलेलं यीस्ट पहिल्या काही तासांतच जड अल्कोहोलं तयार करून बसतं, ती मागे घेता येत नाहीत.

तोल हवा असेल तर १५ ते १६ अंशांवर यीस्ट टाका, १८ वर दोन ते तीन दिवस धरा, आणि फेस खाली बसायला लागला की २० ते २१ वर जाऊ द्या म्हणजे उरलेली साखर आणि गंधक साफ होतात. लवंग पुढे आणायची असेल तर १७ वर धरा. केळं पुढे हवं असेल तर १८ वर यीस्ट टाकून २१ ते २२ वर ठेवा. २४ च्या वर केळं न वाढता सॉल्व्हंटसारखा तिखट वास वाढतो.

तापमान चढवल्यावर लवंग नाहीशी होत नाही. ती असते तिथेच असते, केळं तिच्यावर चढतं. म्हणून ‘लवंग कमी पडली’ अशी तक्रार असेल तर आधी तापमान दोन अंश उतरवून पाहा, मगच मॅशकडे वळा.

मोठ्या ब्रुअऱ्या ही बिअर रुंद, उथळ, उघड्या टाक्यांमध्ये करत आल्या आहेत, कारण उंच टाकीत तळाशी दाब आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. घरच्या बादलीत वॉर्टची खोली २५ सेंटिमीटरच्या आसपास, तिथे उंचीचा फरक किरकोळ. पण केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, व्हॉल्व्ह बसवून दाबाखाली फर्मेंट करत असाल तर ते या बिअरसाठी सोडून द्या. उघडं फर्मेंटेशन करून पाहायचं असेल तर पहिले दोन-तीन दिवस एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) न लावता झाकण नुसतं टेकवून ठेवा किंवा निर्जंतुक केलेली फॉइल सैल गुंडाळा. फेसाचा थर आणि वर निघणारा वायू तेवढे दिवस बिअरचं रक्षण करतात. फेस बसायला लागल्याच्या दिवशी मात्र झाकण घट्ट करून एअरलॉक लावायलाच हवा.

जागेची काटकसर करू नका. २० लिटरला ३० लिटरचा फर्मेंटर घ्या. या यीस्टचा फेस प्रचंड चढतो, अरुंद एअरलॉक तुंबतो आणि झाकण उडतं. जाड नळी पाण्याच्या भांड्यात सोडली की ही भीती जाते.

केळं आणखी वाढवायचं असेल तर

माल्टोजपेक्षा ग्लुकोज जास्त असलेल्या वॉर्टमध्ये यीस्ट जास्त आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं. सोपा मार्ग म्हणजे २५० ग्रॅम धान्य कमी करून उकळीच्या शेवटी २०० ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, घालणं. नुसत्या माल्टनेच करायचं असेल तर मॅश दोन भागांत करतात: पहिल्या भागात साखर होऊ देतात, मग तो दुसऱ्या, न तापवलेल्या भागात मिसळून ४५ अंशांवर आणतात. तिथे माल्टेज हे एन्झाइम माल्टोजचं ग्लुकोज करतं. परिणाम चांगला मिळतो, पण दिवस मोठा होतो. आधी तापमान आणि टाकायच्या यीस्टचं प्रमाण हातात बसवा. त्यांनी काम भागत नसेल तरच इथवर या.

बाटल्या

फर्मेंटेशन बहुधा ५ ते ८ दिवसांत संपतं. सलग तीन दिवस ग्रॅव्हिटी तीच आली की भरायला घ्या. दुसऱ्या भांड्यात काढून मुरवत ठेवण्यात काही मिळत नाही. डब्ल्यूबी-०६ असेल तर आणखी एक आठवडा थांबून पुन्हा मोजा.

या बिअरला भरपूर वायू लागतो, कारण बुडबुड्यांबरोबरच वास नाकापर्यंत येतो. ३.३ व्हॉल्यूमसाठी, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या ३.३ पट वायूसाठी, २० अंशांवर फर्मेंट झालेल्या २० लिटरला साधी साखर १८५ ग्रॅम लागते. पारंपरिक पद्धतीत साखरेऐवजी उकळलेलं, न आंबवलेलं वॉर्ट राखून ठेवतात, त्याला श्पाइझे म्हणतात. १.०५० चं सुमारे २ लिटर वॉर्ट तेवढंच काम करतं. ते झाकून गोठवून ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा उकळून गार करा. बाटल्या जाड काचेच्याच घ्या. पातळ, एकदाच वापरायच्या बाटल्या या दाबासाठी नाहीत.

बिघडलं तर

कुजलेल्या अंड्यासारखा वास पहिल्या आठवड्यात आला तर घाबरू नका. ३०६८ हे करतंच. शेवटचे दोन दिवस २१ अंशांवर ठेवलं की बहुतेक निघून जातो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर लवकर काढली. सौम्य आंबूसपणा या शैलीचाच भाग आहे, पण दही-ताकासारखा आंबटपणा आणि वर पांढरी साय दिसली तर संसर्ग झाला आहे.

बँडेजसारख्या वासाचं निदान नीट करावं लागतं. पाण्यावर प्रक्रिया केली नसेल तर आधी क्लोरीन धरा. केली असेल, आणि बाटलीतली बिअर आठवड्यागणिक जास्त तिखट, जास्त धुरकट, जास्त फसफसती होत असेल, तर रानटी यीस्ट शिरलं आहे. लवंग तीच राहते किंवा हळूहळू उतरते, वाढत नाही, हा दोघांतला फरक लक्षात ठेवा.

दोन्ही वास फिके असतील तर बॅचची वही काढा आणि याच क्रमाने पाहा: यीस्टचा वाण कोणता, पेशी जास्त पडल्या का, हवा जास्त दिली का, दाबाखाली ठेवलं का. फक्त लवंग फिकी असेल तर ४४ अंशांचा थांबा झाला होता का आणि तेव्हा पीएच किती होता ते पाहा.

एका बॅचमध्ये एकच गोष्ट बदला. सगळ्यात उपयोगी पडतो तो चार भांड्यांचा प्रयोग: एकाच वॉर्टचे पाच-पाच लिटरचे चार भाग करा, दोन १७ अंशांवर ठेवा, दोन २१ वर, आणि प्रत्येक जोडीतल्या एकात यीस्ट निम्मं टाका. चाखताना शेजारी एका वाटीत ठेचलेली लवंग आणि दुसरीत जास्त पिकलेलं केळं ठेवा, म्हणजे नाक भरकटत नाही.

यीस्ट पुन्हा वापरायचं असेल तर ते तळातून घेऊ नका. फर्मेंटेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर आलेल्या फेसातला पहिला तपकिरी थर काढून टाका आणि त्याखालचा पांढरा, मऊ थर निर्जंतुक चमच्याने उचला. चार-पाच वेळा वापरून झालं की नवं पाकीट घ्या, कारण पुढे केळं-लवंगेचा तोल सरकायला लागतो.

तयार बिअर थंड ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांत संपवा. बाटलीतल्या यीस्टची एन्झाइम्स आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तोडत राहतात, लवंगही झिजते, आणि ऊब मिळाली तर दोन्ही लवकर जातात. ओतताना शेवटची दोन बोटं बिअर बाटलीत ठेवा, बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा आणि फेसावर ओता. पेल्यातली बिअर ८ अंशांच्या जवळ आली की वास खुलतो. त्याहून गार असेल तर मिनिटभर थांबा.